कोरा रकाना

मी एका मोबाइल कंपनीच्या डेटा विभागात आहे. पुराच्या दुसऱ्या रात्री सरकारच्या आपत्ती कक्षाला आमच्याकडून दर तासाला एक तक्ता जात होता. कोणत्या टॉवरवर किती फोन, आणि नेहमीपेक्षा किती कमी-जास्त, एवढंच.

त्यांनी मागितलं होतं सगळं, नंबरांसकट. आमच्या लीगलचा पहिला सूर काहीच न देण्याचा. दुपार त्या वादातच गेली. मी २०१०च्या हैतीच्या भूकंपाचा दाखला दिला. तिथल्या डिजिसेल कंपनीने ओळख पुसून सिमच्या नोंदी संशोधकांना दिल्या आणि राजधानी सोडून लोक कुठे गेले, ते त्यातून कळलं. त्यावर लीगलच्या बाईंनी २०१३चा एक अभ्यास पुढे केला. १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींत, नावं-नंबर नसतानाही, वेळ आणि ठिकाणाचे फक्त ४ बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं काढायला पुरले होते. मला हे माहीत होतं, पण पाणी चढत असताना ऐकायचं नव्हतं. शेवटी ठरलं, द्यायच्या फक्त बेरजा. १५पेक्षा कमी फोन असतील तिथे रकाना कोरा.

रात्री पावणेदोनला कक्षातल्या मॅडमचा फोन आला. "नदीकाठच्या टॉवरचा रकाना सात तास कोरा आहे. सगळे निघाले असं धरू? बोटी दोनच उरल्यात."

फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. फोन १५पेक्षा कमी असले तरी कोरं, एकही नसला तरी कोरं, आणि टॉवरच बंद पडला तरी कोरं. तीनही गोष्टी मी एकाच रिकाम्या जागेत कोंबल्या होत्या. त्यातली शेवटची सर्वांत फसवी. वीज जाते, बॅटरी संपते, टॉवर झोपतो, आणि त्याच्यावरचे काही फोन पलीकडचा टॉवर पकडतात. तक्त्यात दिसतं की माणसं तिकडे चालत गेली. माणसं असतात छपरावरच.

हा टॉवर मात्र चालू होता. आतला आकडा पाहिला : २.

"मॅडम, आकडा सांगता येणार नाही. पण शून्य नाही."

"माणसं आहेत?"

"फोन आहेत. म्हणजे असावीत."

"बस, तेवढं पुरे." त्यांनी फोन ठेवला.

मी ठरलेल्याच्या बाहेर गेलो का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. लीगलच्या बाईंना उठवून सगळं सांगितलं. त्या रागावल्या, पण त्या दोन फोनांवरून नाही. "कोऱ्याचे तीन अर्थ होतात हे दुपारी का नाही बोललात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अडीचच्या तक्त्यात '०', '१५पेक्षा कमी' आणि 'टॉवर बंद' असं वेगवेगळं लिहून गेलं.

सकाळी मॅडमचा पुन्हा फोन आला. बोटीतून ११ जण आले होते, त्यात तीन लहान मुलं. चालू फोन त्यांच्याकडे दोनच होते.