ग्रानादा: दुपारी झोपा, रात्री हिंडा

सोलापुरात आईचं रात्रीचं जेवण साडेसातला उरकतं. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादात साडेसातला हॉटेलांच्या स्वयंपाकघरात गॅससुद्धा पेटलेला नसतो. म्युनिकहून निघताना ही गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, आणि पहिल्याच संध्याकाळी ते अंगाशी आलं. तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी उत्तर एकच: "ओचो ई मेदिया", म्हणजे साडेआठ. शेवटी प्लाझा नुएवा या चौकातल्या बाकावर बसून आईने पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. शेजारच्या बाकावरचे आजोबा कुतूहलाने बघत होते. त्यांनाही एक तुकडा गेला.

यात स्पेनच्या लोकांचा फारसा दोष नाही. देशाचा बहुतेक भाग लंडनच्याही पश्चिमेला, पण घड्याळ मात्र जर्मनीच्या वेळेला लावलेलं. त्यामुळे जूनमध्ये रात्री साडेनऊ वाजून गेले तरी सूर्य मावळलेला नसतो. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, तेव्हा तो आठच्या सुमारास मावळायचा. दुपार तापलेली, दुकानं बंद, रस्ते ओस. हे शहर जिवंत होतं ते अंधार पडल्यावर. म्हणून मालागा किंवा सेविलाहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या सहलीच्या मी पूर्ण विरोधात आहे. निदान दोन रात्री राहा. दुपारी चक्क झोपा, पाच वाजता थोडं खा आणि आठनंतर बाहेर पडा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तेच केलं.

राहायला प्लाझा नुएवाच्या आसपास खोली घ्या. समोरच्या टेकडीवरची अल्बायसिन ही मूरांच्या, म्हणजे मुस्लिम राजवटीच्या काळातली जुनी वस्ती, फोटोत फार गोड दिसते. पण तिथल्या बऱ्याच गल्ल्यांत गाडी जात नाही, आणि जमिनीत बसवलेल्या गोट्यांवरून चाकाची बॅग ओढणं म्हणजे शिक्षा. हे गोटे रात्रीच्या दवाने निसरडेही होतात. चपला नकोत, जाड रबरी तळाचे बूट हवेत.

आईच्या गुडघ्यांमुळे मी चढ नसलेला रस्ता शोधत होते आणि त्यातून सगळ्यात सुंदर रस्ता सापडला. प्लाझा नुएवाच्या टोकाला सांता आनाचं चर्च आहे. तिथे दारो नदी जमिनीखाली गडप होते. एकोणिसाव्या शतकात तिच्यावर रस्ता केला. चर्चपासून नदीच्या काठाकाठाने वर जाणारी वाट म्हणजे कारेरा देल दारो. एका बाजूला कठडा, खाली बारीकशी नदी आणि तिच्या काठावर मांजरं. दुसऱ्या बाजूला जुनी घरं आणि त्यांच्यात अकराव्या शतकातला अरबी हमामखाना, एल बान्युएलो. चढ नावालाच. मात्र याच चिंचोळ्या रस्त्यावरून मिनीबस आणि टॅक्स्याही जातात. मागून आवाज आला की निमूटपणे भिंतीला चिकटायचं.

दहा मिनिटांत पासेओ दे लोस त्रिस्तेस येतं, दुःखी लोकांची वाट. पूर्वी दफनभूमीकडे जाणाऱ्या अंत्ययात्रा इथून जायच्या, म्हणून हे नाव. आता तिथे कॅफेच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि मान वर केली की थेट डोक्यावर अल्हाम्ब्रा, मुस्लिम सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला आणि राजवाडे. पिवळ्या दिव्यांत बुरूज लालसर दिसतात. अरबी नावाचा अर्थही 'लाल'च. प्रसिद्ध फोटो सगळे समोरच्या टेकडीवरचे असतात, पण गुडघे कुरकुरत असतील तर ही जागा तिच्या तोडीस तोड आहे. आम्ही तिन्ही रात्री तिथे गेलो.

आता खाण्याचं. ग्रानादात पेय मागवलं की त्यासोबत तापा, म्हणजे छोटी बशीभर खाणं, फुकट येतं. दुसऱ्या पेयाबरोबर दुसरा पदार्थ. पेय दारूच हवं असं नाही. मोस्तो, म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस, मागवला तरी बशी येते. आई त्यावर बेहद्द खूश होती. अडचण अशी, की बशीत काय येणार हे बहुतेक ठिकाणी त्यांच्या मर्जीवर असतं. शाकाहारी असाल तर पेय सांगतानाच सांगून टाका. आणि नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढं पुरत नाही. एका बारमध्ये मी तेवढंच म्हणाले, तर आलेल्या पालकात डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे. वेटर खरोखर गोंधळला: हे मांस कुठे, हा तर खामोन! आपल्याकडे "अंडं घातलंय, पण तसं व्हेजच आहे" म्हणणारे असतात, त्यातलाच प्रकार. तेव्हा स्पष्ट म्हणा: "सिन खामोन, सिन आतून". आतून म्हणजे ट्यूना मासा, तो सॅलडमध्ये लपून येतो. बिनधास्त मागवण्यासारखी म्हणजे बेरेन्खेनास: वांग्याचे पातळ कुरकुरीत काप, वर उसाची काकवी. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही काकवीच की! यांना कुणी शिकवली?" ऊस अरबांबरोबर स्पेनमध्ये आला, इतकंच मला सांगता आलं. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया आहेच.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं ते.

अल्हाम्ब्राचं दिवसाचं तिकीट महिनोन्‌महिने आधी संपतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातल्या नासरी राजवाड्यांचं (नासरी म्हणजे इथलं शेवटचं मुस्लिम राजघराणं) वेगळं रात्रीचं तिकीट मिळतं, हे कमी लोकांना माहीत असतं. एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मंगळवार ते शनिवार रात्री दहा ते साडेअकरा, हिवाळ्यात फक्त शुक्रवारी-शनिवारी आठ ते साडेनऊ. रविवार-सोमवार मुक्काम ठेवलात तर हुकलं म्हणून समजा. वेळा बदलू शकतात, तेव्हा अधिकृत साइटवर एकदा बघा आणि तिकीटही तिथूनच काढा. किंमत दिवसाच्या तिकिटाच्या साधारण निम्मी. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि ठरलेल्या वेळेच्या बाबतीत ते कडक आहेत. स्टँड लावून फोटो काढू देत नाहीत.

वर जायला टॅक्सी केली. चालकाला "अल्हाम्ब्रा" म्हटलं तर तो गोंधळला. 'ह' गिळून "अलाम्ब्रा" म्हटल्यावर निघाला.

आत गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती पाण्याच्या आवाजाची. दिवसा तो माणसांच्या आवाजात बुडालेला असतो. कोमारेसच्या चौकात लांबलचक हौद आणि दोन्ही कडांना मेंदीच्या कुंपणासारखी छाटलेली मर्टलची झुडपं. पान चुरगळलं की वास येतो, पण चुरगळू नका, मी खाली पडलेलं उचललं. पाण्यात ४५ मीटर उंच बुरूज उलटा उभा. वारा नव्हता. एका मुलाने हौदात बोट घातलं आणि अख्खा बुरूज थरथरला.

पुढे सिंहांचा चौक. चौदाव्या शतकात पाचव्या मुहम्मदने बांधलेला, १२ संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचं भांडं. आई जवळ जाऊन एकेकाचं तोंड निरखत होती. "हे एकसारखे नाहीत गं, बघ, याची आयाळ वेगळी," ती म्हणाली, आणि ते खरंच आहे. बाजूच्या दोन बहिणींच्या दालनात छताला मुकर्नास आहे: जिप्समच्या गिलाव्याचे पाच हजारांहून जास्त छोटे लोलक, मधाच्या पोळ्यासारखे एकमेकांना लगडलेले. रात्री प्रकाश खालून येतो, त्यामुळे प्रत्येक खळग्यात सावली भरते. भिंतींवर 'ईश्वराखेरीज कुणी विजेता नाही' हे नासरी घराण्याचं ब्रीद अरबीत जागोजाग कोरलंय. दिवसा सपाट वाटणारी ती अक्षरं रात्री भिंतीतून वर उचलल्यासारखी दिसतात. हे ब्रीद मिरवणाऱ्या घराण्याने २ जानेवारी १४९२ला शहराच्या किल्ल्या स्पेनच्या ख्रिस्ती राजा-राणीला सोपवल्या.

माझं मत सांगते. कोरीवकाम रात्री बघावं, रंग दिवसा. पिवळ्या दिव्यात फरशांचे निळे-हिरवे विझल्यासारखे वाटतात. शिवाय या रात्रीच्या तिकिटात जुना किल्ला आणि खेनेरालीफेच्या बागा नसतात. दोन्ही तिकिटं मिळाली तर दोन्ही घ्या. एकच मिळालं आणि पहिलीच खेप असेल, तर मात्र दिवसाचंच.

अल्हाम्ब्राचे ते प्रसिद्ध फोटो जिथून काढतात त्या, अल्बायसिनमधल्या सान निकोलासच्या सज्जाबद्दल थोडक्यात. सूर्यास्ताला तिथे पंढरीची वारी असते, आणि खिसेकापूही. साडेदहानंतर जा, कठड्यावर बसायला जागा मिळते. वर जायला प्लाझा नुएवाहून सी-३१ मिनीबस आहे. उतरताना फोनने दाखवलेला सगळ्यात जवळचा रस्ता घेऊ नका. आम्ही घेतला, आणि तो निघाला निर्मनुष्य पायऱ्यांचा. आई प्रत्येक पायरीला माझ्या फोनचा उद्धार करत होती.

साक्रोमोंते टेकडीवरच्या गुहांमधला फ्लामेंको नाच पाहिला. गुहा लांबट, पांढऱ्या, छताला तांब्याची भांडी टांगलेली, आणि पर्यटक भिंतीला खुर्च्या लावून दाटीवाटीने. थोडं बाजारू आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण नाचणारी बाई तुमच्यापासून दोन हातांवर टाच आपटते तेव्हा ती छातीत वाजते. आईने मांडीवर ताल धरला आणि सम चुकली म्हणून वैतागली. कारण त्यांचा बारा मात्रांचा हिशोब आपल्यासारखा पहिल्या मात्रेवर येत नाही.

अल्हाम्ब्राहून परततानाचं राहिलं. अकरा-साडेअकराला मिनीबस मिळेलच असं धरू नका. आम्ही गोमेरेसच्या उताराने चालत आलो: दोन्ही बाजूंना झाडी, कडेने पाण्याचे पाट खळखळत, दिवे बेताचेच. उतार तीव्र आहे, गुडघे दुखत असतील तर काठी किंवा कुणाचा तरी हात हवा. खाली दगडी कमान लागते, डाळिंबांचा दरवाजा, वर खरोखरच तीन फुटलेली डाळिंबं कोरलेली. स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. गावात रस्त्याकडेच्या लोखंडी खुंटांवरही तेच. प्लाझा नुएवात आल्यावर आई अशाच एका खुंटावर हात टेकून दम खात उभी राहिली, मग हाताखालचं डाळिंब चाचपून म्हणाली, "आपल्या सांगोल्याचं याच्यापेक्षा मोठं असतं." आणि मोस्तो कुठे मिळेल ते विचारलं. पावणेबारा वाजले होते.