तुम्ही विचारलंत म्हणून: डीव्हीडी घेऊ का ब्लू-रे, आणि ठेवू कुठे?

माझ्या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या डिस्कांच्या कपाटाचा फोटो बघितला की हमखास हे दोन प्रश्न येतात. पहिला, ॲनिमे जमवायला सुरुवात करतोय तर डीव्हीडी घेऊ, ब्लू-रे (एचडी चित्राची डिस्क) घेऊ का थेट फोर-के (त्याहूनही बारीक चित्राची). दुसरा, ताई पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये एवढं सगळं मावतं कसं, घरचे काही बोलत नाहीत का? बोलतात. सासूबाई तर अजून ह्या डिस्कना कॅसेटीच म्हणतात. पण एकदाचं नीट लिहून टाकते म्हणजे प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवत बसायला नको.

आमच्या पिढीला हे वेड लागलं ते दूरदर्शनच्या मोगलीपासून, आणि ती मालिका जपानी होती हे मला कळलं कॉलेजात. पण खरं जमवणं सुरू झालं ते न्यू जर्सीत, एडिसनला. अकरा वर्षं राहिलो तिथे, हिवाळा मोठा, नवरा ऑन-कॉल, आणि सेल लागला की बॉक्स सेट अर्ध्या किमतीत. तर झालं असं की २०२२ला परत यायचं ठरलं तेव्हा मोजले, सहाशेच्या आसपास डबे निघाले. बोटीने सामान आलं, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खोक्यांवर खोकी, आणि मी सुताराला बोलावलं की भिंतभर कपाट करून द्या.

त्याने कानावरची पेन्सिल काढली, एक डबा हातात घेतला, टेप लावली. "साडेचार सूत." मग सहाशेला गुणलं आणि म्हणाला, ताई, सत्तावीस-अठ्ठावीस फूट लागेल नुसती एक ओळ. मग त्याने तो डबा खटकन उघडला, आतली डिस्क बघितली, मिटला, परत उघडला. "ह्यात तर हवाच आहे की सगळी!"

इतकी वर्षं मी कुठला फॉरमॅट जागा वाचवतो ह्यावर डोकं खाजवत होते आणि ह्या माणसाने अर्ध्या मिनिटात निकाल लावला. डिस्क सीडी असो, डीव्हीडी असो, ब्लू-रे असो, फोर-के असो, १२ सेंटीमीटर रुंद आणि १.२ मिमी जाड. डीव्हीडीचा काळा डबा १४ मिमी जाड आणि १९ सेंटीमीटर उंच. ब्लू-रेचा निळा डबा उंचीला दोनेक सेंटीमीटर कमी, जाडीला थोडासाच कमी. म्हणजे डीव्हीडी विकून ब्लू-रे घेतली की जागा होते हा जो समज आहे ना, तो तसाच्या तसा धरू नका, डब्यामागे एखाद-दोन मिमी वाचतील आणि खिशाला मात्र चाट. जागा डबा खातो. फॉरमॅट निवडायचा तो वेगळ्या कारणासाठी.

ते कारण म्हणजे चित्र मुळात कशावर काढलंय. जुना ॲनिमे पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ शीटवर रंगवायचे आणि फिल्मवर शूट करायचे, ३५ मिमी किंवा टीव्हीसाठी बऱ्याचदा १६ मिमी. फिल्ममध्ये डीव्हीडीपेक्षा खूप जास्त तपशील असतो, त्यामुळे निगेटिव्ह जपलेली असेल तर आज परत स्कॅन करून झकास ब्लू-रे निघते. आपल्याकडचंच उदाहरण देते, भारत-जपान मिळून केलेला युगो साको आणि राम मोहन ह्यांचा रामायणाचा सिनेमा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, तो जानेवारी २०२५मध्ये फोर-के होऊन थिएटरला लागला होता. सासूबाईंना घेऊन गेले. बाहेर पडताना म्हणाल्या, हे तुझ्या कॅसेटीतलंच का? हो म्हटलं, तेच. त्या दिवसापासून घरात माझी पत जरा वाढलीय.

पण साधारण १९९०च्या दशकाच्या शेवटापासून स्टुडिओ कॉम्प्युटरवर रंगवायला लागले, आणि २००० ते २००५-०६ची कितीतरी टीव्ही कामं डिजिटलच, पण जुन्या टीव्हीच्या आकाराची झाली. तिथे परत स्कॅन करायला फिल्मच नाही, जेवढे ठिपके तेव्हा काढले तेवढेच. २००३ची फुलमेटल अल्केमिस्ट घ्या, ५१ भाग, माझी अतिशय लाडकी, तिची ब्लू-रे म्हणजे तेच चित्र ताणून मोठं केलेलं. वाईट नाही दिसत, पण त्यासाठी चांगला डीव्हीडी सेट फुकून परत पैसे घालावेत असंही नाही. मी घातले! २००९ची ब्रदरहूड, म्हणजे तीच गोष्ट नव्याने केलेली मालिका, मात्र ब्लू-रेवरच बघा, तोवर सगळं वाइडस्क्रीन एचडीकडे गेलं होतं. (अवांतर: साझाए-सान नावाची १९६९पासून चालू असलेली मालिका २०१३पर्यंत सेलवर रंगवत होते, हट्ट असावा तर असा.)

म्हणून माझा साधा हिशोब. सेलवरचं जुनं काम असेल आणि नवीन स्कॅन झालेलं असेल तर ब्लू-रे, डोळे मिटून. डीव्हीडीत एका फ्रेममध्ये साडेतीन लाख ठिपके, ब्लू-रेत वीस लाखांच्या वर, आणि रेषेची धार, सेलवरचा धुळीचा कण, ब्रशचा फराटा सगळं दिसतं. २०००नंतरच्या पाच-सहा वर्षांतलं डिजिटल असेल तर स्वस्तात मिळेल ती डीव्हीडी चालेल. अलीकडचं असेल तर ब्लू-रे. फोर-के फक्त मोठ्या सिनेमांसाठी, म्हणजे अकिरासारखं ३५ मिमीवरून नव्याने केलेलं. टीव्ही मालिकेला फोर-के म्हणजे बहुतेक वेळा ताणलेलंच, कारण आजही कितीतरी मालिका पूर्ण १०८० ओळींच्या एचडीमध्येसुद्धा काढत नाहीत, ७२० ते ९००च्या मधे कुठेतरी काढतात आणि मग वाढवतात. फोर-के डिस्कवर १० बिट रंग, म्हणजे जास्त छटा असल्यामुळे संध्याकाळच्या आकाशात पट्टे पट्टे दिसतात ते कमी होतात, हा फायदा खरा. पण तेवढ्यासाठी दुप्पट पैसे? मी नाही देत.

आता एक प्रकार असा आहे ज्यात फॉरमॅटमुळे खरंच जागा वाचते आणि तो लोकांना माहीतच नसतो. डीव्हीडीच्या दर्जाचंच चित्र, पण ब्लू-रे डिस्कवर भरलेलं. डीव्हीडीत दोन थर धरून ८.५ जीबी मावतं, ब्लू-रेत ५०. मग ज्या मालिकेला आठ-दहा डीव्हीडी लागायच्या ती एक-दोन ब्लू-रेत बसते, आणि चित्र आणखी दाबायला लागत नाही. अमेरिकेतली डिस्कोटेक मीडिया असे सेट काढते, एका साध्या डब्यात अख्खी मालिका. पाठीवर ब्लू-रे लिहिलंय म्हणून एचडी समजून घेऊ नका आणि एचडी नाही म्हणून नाकंही मुरडू नका, माझ्याकडच्या जुन्या लांबलचक मालिकांसाठी ह्याहून सोयीचं काही नाही. ह्याच्या अगदी उलट जपानी रिलीज, एका डिस्कवर दोन भाग, किंमत सहा-आठ हजार येन, आणि बहुतेकांत इंग्लिश सबटायटल नाहीत. सुंदर असतात, नाही असं नाही. माझ्याकडे असा एकच संच आहे आणि तोही वाढदिवसाला मिळालेला.

रीजनचं, म्हणजे कुठल्या देशातली डिस्क कुठल्या प्लेअरवर चालणार ह्या कुलुपाचं विसरू नका, इथेच भले भले आपटतात. डीव्हीडीत अमेरिका १, जपान २, भारत ५. ब्लू-रेत अमेरिका आणि जपान दोघं ए मध्ये, ब्रिटन बी, आपण सी. म्हणजे चुलतभावाने अमेरिकेतून प्रेमाने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरमध्ये चालेलच असं नाही. काही डिस्कना लॉक नसतं, पण ते आधी बघून घ्या. फोर-केला रीजन नसतंच, पण त्याच बॉक्समधली साधी ब्लू-रे लॉक असू शकते. मी तिकडचे दोन प्लेअर घेऊन आले. पहिला इथे आल्याआल्या उत्साहात थेट भिंतीच्या प्लगला लावला, मागे १२० व्होल्ट लिहिलेलं वाचलंच नाही, टप्प असा आवाज आणि जळका वास, संपला विषय. दुसरा आता स्टेपडाऊनच्या, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या ठोकळ्यावर चालतो, तो ठोकळा मंद घूं घूं करतो, आणि त्याची जागा मी कुठल्याच हिशोबात धरली नव्हती.

ब्रिटनच्या जुन्या पाल (तिकडची टीव्हीची पद्धत) डीव्हीडीबद्दल एवढंच, सेकंदाला २४ फ्रेमचं काम २५ला पळवलेलं असतं म्हणून चार टक्के वेगात. गाणं तोंडपाठ असेल तर सूर जरा चढलेला लगेच कळतो. मला कळतो आणि मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

बरं, जागा. सुतार गेल्यावर मी रात्री बसून ठरवलं की ४१० डबे काढायचे. डिस्क आणि कव्हरचा कागद दोन्ही एका पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, कागद कण्यावर दुमडायचा, आणि पाकिटं ड्रॉवरमध्ये उभी, जुन्या लायब्ररीतल्या कार्डांसारखी, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर अ, आ, इ. एकोणीस फुटांचा ऐवज चारेक फुटांत आला. रिकामे डबे भंगारवाल्याने तोलले, २८ किलो भरले, आणि तो विचारतो ताई दुकान बंद केलं का.

पण घाई केली आणि तिथे चुका झाल्या, त्या तुम्ही करू नका. पहिली शंभर पाकिटं मी स्वस्तातली मऊ चकचकीत पीव्हीसीची घेतली, एका मे महिन्यात ती डिस्कला चिकटली आणि काढताना चर्र झालं. पॉलीप्रॉपिलीनची घ्या, जरा कडक आणि धुरकट दिसतात ती. झिपवालं फोल्डर, ज्यात कॉलेजात सगळ्यांच्या व्हीसीडी असायच्या, ते ब्लू-रेला नको, गच्च भरलं की आतल्या कापडाचा दाब पडतो, आणि ब्लू-रेत माहितीचा थर वाचायच्या बाजूने फक्त ०.१ मिमी आत असतो, डीव्हीडीसारखा मधोमध नाही. वरचं कोटिंग टणक असतं म्हणून ओरखडे कमी पडतात, पण पडला तर वाचवणं अवघड. तिसरी चूक, बारा डिस्कच्या एका सेटमध्ये डिस्कवर नंबर इतका बारीक होता की क्रम लागेना, शेवटी प्रत्येक डिस्क लावून बघितली. डबा टाकायच्या आधी पाकिटावर भाग क्रमांक लिहा, डिस्कवर नको. आणि पावसाळा. आमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, पहिल्याच जुलैत कागदांवर करडी बुरशी, डिस्क पुसून निघाली, कागद गेला. आता कपाट आतल्या भिंतीला आणि ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पावसाळ्यात बदलायच्या.

आणि विकायचं मनात असेल तर डब्याला हात लावू नका, डबा नसलेल्या सेटला कोणी विचारत नाही. माझं विकायचं नव्हतंच.

उरलेल्या एकशेनव्वदच्या आसपास डब्यांना हात लावला नाही. त्यात लिमिटेड एडिशनचे जाड पुठ्ठ्याचे बॉक्स आहेत, ज्यांच्याबद्दल माझं मन अजून धड होत नाही. प्रकार असा असतो की मालिका दोन भागांत विकतात, पहिल्या भागाबरोबर मोठा बॉक्स देतात, आत अर्धी जागा पुढच्या भागासाठी, आणि तोवर तिथे पुठ्ठ्याचा रिकामा ठोकळा कोंबलेला. एका मालिकेचा दुसरा भाग मी घेतलाच नाही, मालिका मधेच कंटाळवाणी झाली. तो ठोकळा एडिसनहून बोटीने पुण्याला आलाय. भाडं भरून.

काहीजण विचारतात की स्ट्रीमिंग असताना हा उपद्व्याप का. माझ्या बॉक्समध्ये डिजिटल कॉपीचे कोड यायचे, मी मन लावून सगळे एका ॲपवर भरले होते, २०२४च्या एप्रिलमध्ये ते ॲप बंद झालं आणि कॉप्या गेल्या, दुसरीकडे आल्या नाहीत. डिस्क ड्रॉवरमध्ये आहेत.

आता सद्यस्थिती. कपाटात दोन फळ्या मोकळ्या झाल्या. एकीवर महिन्याभरात सासऱ्यांच्या होमिओपॅथीच्या बाटल्या आल्या, कोणी विचारलंही नाही. दुसरी जाऊ नये म्हणून मी भंगारातून वाचवलेले वीस-पंचवीस रिकामे डबे तिच्यावर ओळीने उभे करून ठेवलेत. अजून कोणी उघडून बघितलेलं नाही.