कवडसा बघायला कोपनहेगनला

कोपनहेगनमध्ये चारच दिवस होते, त्यातला एक अख्खा दिवस मी एका चित्रासाठी राखून ठेवला. एस-ट्रेनने क्लाम्पेनबोर्ग, पुढे बस, मग झाडीतून थोडं चालणं, की आलं ऑर्ड्रुपगार्ड. विमा व्यवसायात पैसा कमावलेल्या विल्हेल्म हान्सेन यांनी १९१८ मध्ये उभं केलेलं हे घर आता संग्रहालय आहे. तिथली फ्रेंच चित्रं भराभर पाहिली आणि विल्हेल्म हामरशोय या डॅनिश चित्रकारापाशी थांबले.

'सूर्यकिरणांत नाचणारे धूलिकण', १९००. जेमतेम ७० बाय ५९ सेंटीमीटरचं चित्र. खोलीत माणूस नाही, साधी खुर्चीसुद्धा नाही. एक खिडकी आणि शेजारी बंद दार, त्यालाही मूठ नाही. तिरकं ऊन आत आलंय, तावदानांचे चौकोन जमिनीवर पडलेत. अगदी जवळ गेले तर मला धुळीचा एकही सुटा कण सापडेना, नुसते मऊ, करडे पट्टे. दोन पावलं मागे सरले आणि खोलीतली हवा धुळीने भरून गेली! तिथून पाय निघेना.

आपल्याकडे याला किती नेमका शब्द आहे, कवडसा. त्यातल्या कणालाही नाव आहे, त्रसरेणू. जाळीतून आलेल्या उन्हात दिसणारा कण, जुन्या वजनमापांतलं सगळ्यात लहान माप.

परतताना ख्रिश्चन्सहाव्नला उतरले. कालव्याजवळच्या स्ट्रँडगाडे ३० या घरात हामरशोय आणि त्याची बायको इडा १८९८ ते १९०९ राहिले. त्याच खोल्या त्याने साठाहून जास्त वेळा रंगवल्या, कधी पाठमोऱ्या इडासह, कधी अगदी मोकळ्या. चित्रातली खिडकी आतल्या चौकाकडे उघडते, रस्त्यावरून ती दिसत नाही. आत आजही लोक राहतात, म्हणून बाहेरच उभी राहिले.

आमच्या वाईच्या वाड्यात माजघराच्या कौलांत एक काच बसवलेली होती. तिचा कवडसा दुपारभर सरकत जात्यापर्यंत पोचला की आजी चहाचं आधण ठेवायची. वाडा विकला, सामान हललं, तेव्हा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. अंगणात सगळ्यांना उभं करून फोटो काढले, दिंडी दरवाजाचे काढले, तुळशीवृंदावनाचेही काढले. माजघरात डोकावले होते. ऊन जात्याच्या मोकळ्या जागेवर आलं होतं. इथे आता काय काढायचं, म्हणून तशीच बाहेर आले.