डॉनर समिटचा सहा नंबर बोगदा आणि हजेरीपटात नसलेली नावं

सॅन फ्रान्सिस्को आणि सॅक्रामेंटोचे चार दिवस बाजूला ठेवते. लिहायचंय ते कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत, डॉनर समिट या खिंडीजवळ सात हजार फुटांवर असलेल्या एका जुन्या रेल्वे बोगद्याबद्दल.

बोगद्यात शिरून टॉर्च भिंतीला घासून धरला की ग्रॅनाइटमध्ये उभ्या चिरलेल्या नळीसारख्या खोबणी दिसतात. ही सुरुंगाची भोकं, हातानं पाडलेली. एकजण पहार धरणार, दोघं आळीपाळीनं घण घालणार. दर घावाला पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती अडकून बसते. एवढं करून काळी दारू ठासली तरी हा कातळ इतका चिवट, की तो फुटण्याऐवजी दारूच तोफेसारखी भोकातून उलटी उडायची. दिवसाकाठी जेमतेम फूटभर काम! म्हणून १,६५९ फुटांच्या या बोगद्याच्या मध्यावर वरून विहीर खणली आणि चार तोंडांनी काम लावलं. १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन हे जास्त जोरदार स्फोटक जागेवरच बनवायला लागले, वेग साधारण दीडपट झाला आणि ऑगस्टमध्ये बोगदा आरपार झाला.

घण घालणारे बहुतेक सगळे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले. त्यांना कामावर घ्यायला, अमेरिका आरपार जोडणारा लोहमार्ग पश्चिमेकडून बांधणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा बांधकामप्रमुख स्ट्रोब्रिज आधी तयारच नव्हता. ही किरकोळ अंगाची माणसं काय काम करणार, असं त्याचं मत. भागीदार चार्ल्स क्रॉकरनं पन्नास जण घेऊन बघायला लावलं आणि मग हजारो आले. आयरिश मजुरांनी पगारवाढ मागितली की ‘चिनी आणतो’ ही धमकी तयार असायची. दोघांनाही स्वस्तात राबवायचं आणि वर एकमेकांच्या उरावर बसवायचं, हे मला बोगद्यातल्या थंडीपेक्षा जास्त बोचलं.

चिनी टोळीचा स्वतःचा मुकादम आणि स्वयंपाकी असे. उकळलेला चहा सुरुंगाच्या दारूच्या धुतलेल्या पिंपांतून कावडीनं कामावर यायचा. ओढ्याचं पाणी पिणारे गोरे मजूर हगवणीनं आडवे व्हायचे, चहा पिणारे कमी. पण जेवणखाण चिन्यांनी पगारातून भागवायचं. गोऱ्यांना पगार आणि वर कंपनीचं जेवण. जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी महिना ४० डॉलर आणि बोगद्यात कमी तास मागून काम थांबवलं. क्रॉकरनं रसद तोडली. आठवड्याभरात संप मोडला.

पगार मुकादमाच्या हाती जायचा, त्यामुळे हजेरीपटात बहुतेकदा नाव त्याचंच. २८ एप्रिल १८६९ ला एका दिवसात दहा मैल रूळ टाकले, तेव्हा रूळ उचलणाऱ्या आठ जणांची नावं नोंदली गेली, ती बहुतेक आयरिश. त्याच दिवशी राबलेल्या चिन्यांची नावं नाहीत. आयरिशांनाही ‘आयरिश नकोत’ अशा जाहिराती सोसाव्या लागल्या होत्या. तरी १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘चिन्यांना हाकला’ म्हणत सभा गाजवणारा डेनिस कीर्नी आयर्लंडमध्येच जन्मलेला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदाच झाला.

जाणार असाल तर: आय-८० महामार्गावरून सोडा स्प्रिंग्जला बाहेर पडून जुना हायवे ४० धरा. रूळ १९९३ मध्ये काढले, पण जागा रेल्वेचीच, पाट्या वाचूनच पुढे जा. मोबाइलचा उजेड पुरत नाही, प्रत्येकाकडे टॉर्च हवा. जूनमध्येही आत बर्फ गोठलेला असू शकतो, गुळगुळीत तळाचे बूट तिथे हमखास घसरतात. बोगद्याच्या भिंतींवर स्प्रेनं रंगवलेली नावं बघून संताप येतो. ज्यांनी ती भोकं पाडली त्यांचं एकही नाव तिथे नाही.

सात आणि आठ नंबरच्या बोगद्यांमध्ये चायना वॉल आहे. दरी भरून रूळ नेण्यासाठी रचलेली ही दगडी भिंत, चुना नाही, सिमेंट नाही. खालून वर बघितलं तर मोठ्या दगडांच्या फटींत बारक्या चिपा ठोकून बसवलेल्या दिसतात. एक चिप अंगठ्यानं दाबून हलवून पाहिली. जराही हलली नाही.