तुम्ही विचारलेत म्हणून : बारवेच्या आळीचे नाव

‘एवढ्या भल्या माणसाचे नाव रस्त्याला द्यायला तुम्ही विरोध का केलात?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला लग्नकार्यात विचारला गेला आणि भाजी घेतानाही. आमच्या आळीचे नाव बदलून ज्यांचे नाव देण्याचा प्रस्ताव होता, त्या दिवंगत गृहस्थांचे विद्यार्थी विचारणाऱ्यांत होते, तसेच माझे स्वतःचे भाऊबंदही होते. उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या आळीला बारवेची आळी म्हणतात, कारण तिच्या वरच्या टोकाला दगडी पायऱ्यांची जुनी बारव आहे. १९७२ च्या दुष्काळात गावातले आड आटले तेव्हा अर्धे गाव याच बारवेवर पाणी भरत होते. माझी आई पहाटे तीनला उठून रांगेत कळशी ठेवून येत असे आणि नंबर लागेपर्यंत आम्हा भावंडांपैकी कोणीतरी त्या कळशीजवळ बसून राहत असे. पुढे नळ आले, बारवेत कचरा पडू लागला, आणि शेवटी तिच्यावर स्लॅब टाकण्यात आला. आज तिथे दुचाकी उभ्या असतात. पायाखाली बारव आहे हे नव्या माणसाला कळते ते केवळ आळीच्या नावामुळे. मुंबईत धोबीतलावावर आज तलाव नाही. तो होता हे त्या नावानेच जपून ठेवले आहे.

नाव बदलण्याचा प्रस्ताव आम्हाला समजला तो वर्तमानपत्रात बारीक टायपात छापलेल्या जाहीर सूचनेवरून. आळीतल्या एकाही घरात त्याआधी कोणी विचारायला आले नव्हते. हरकतीसाठी तीस दिवसांची मुदत होती आणि आळीतल्या ६१ घरांपैकी ५४ घरांनी सह्या केल्या. बहुतेकांच्या मनात कागदपत्रांची काळजी पहिली होती : आधार, वीजबिल, घरपट्टी, सिटी सर्व्हेचा उतारा, आणि ज्यांची वारसनोंद अर्धवट आहे त्यांचे तर विचारूच नका. ही काळजी खरी आहे, परंतु माझ्या हरकतीचे कारण ते नव्हते.

नामांतराला माझा सरसकट विरोध नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसे तिथल्या रस्त्यावर पडली, आणि म्हणून त्या जागेला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी महात्मा गांधींनी ‘करेंगे या मरेंगे’ म्हटले. ते ऑगस्ट क्रांती मैदान झाले. ही नावे त्या त्या जागेवर घडलेल्या घटनांतून उगवलेली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. ज्या नावाने राहणाऱ्याचा अपमान होतो ते एक दिवसही राहू नये. बारवेच्या नावाने कोणाचा अपमान होत होता?

आणि ज्यांच्या सन्मानासाठी हे चालले होते, त्यांचा सन्मान तरी होतो का? पुण्यातील फर्ग्युसन कॉलेज रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता आहे, पण रिक्षावाल्याला सगळे ‘एफसी रोड’ असेच सांगतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग झाला, तरी इलेक्ट्रॉनिक्सचे सामान घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. जे नाव पाटीवर असते परंतु कोणाच्या तोंडी येत नाही, त्यात मला त्या थोर माणसाची उपेक्षाच दिसते. आमच्या गावातल्या त्या गृहस्थांच्या वाट्याला हे येऊ नये असे मला वाटत होते, कारण त्यांनी मला शिकवलेले आहे.

म्हणून हरकतीच्या अर्जात आम्ही पर्यायही दिला. हद्दवाढीत आलेल्या भागात एक रुंद रस्ता झाला आहे, ज्याला अजून ‘डीपी रोड’ (विकास आराखड्यातला रस्ता) एवढेच म्हटले जाते. ज्या शाळेसाठी ते आयुष्यभर दारोदार वर्गणी मागत फिरले, ती शाळा त्याच रस्त्यावर आहे. तिथे त्यांचे नाव पहिल्या दिवसापासून मुलांच्या तोंडी बसेल.

सुनावणीच्या वेळी एका सदस्यांनी मला विचारले, ‘बारवेचे एवढे प्रेम आहे, तर तिच्यावर स्लॅब पडत होता तेव्हा आळी कुठे होती?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हा आम्ही गप्प बसलो होतो. घाण वास बंद होईल एवढेच आम्ही पाहिले. मी तसे सभेत कबूल केले. त्या दिवशी प्रस्ताव तहकूब झाला आणि अजूनही तो तसाच आहे. दुसऱ्या आठवड्यात आळीने आणखी एक अर्ज दिला : स्लॅब काढून बारवेतला गाळ उपसावा, वर जाळी बसवावी, श्रमदानाला आम्ही येतो. त्या अर्जाची पोच हरकतीच्या पोचेसोबत मी एकाच पाकिटात ठेवली आहे.