गन्स्टन हॉलचा घरकोंबडा

वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे निघालेले बहुतेक पर्यटक माउंट व्हर्नन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचे घर, पाहून माघारी फिरतात. आम्ही मात्र पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने आणखी पुढे, मेसन नेकपर्यंत गेलो, कारण मला जॉर्ज मेसनचे गन्स्टन हॉल पाहायचे होते. फेअरफॅक्स परगण्याच्या वतीने हा जमीनदार १७५८ ते १७६१ या काळात व्हर्जिनियाच्या वसाहतकालीन विधिमंडळात, म्हणजे हाउस ऑफ बर्जेसेसमध्ये, बसत असे. इतिहास त्याला १७७६ च्या व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा कर्ता म्हणून ओळखतो. त्याच्या घरात दोन तास काढल्यावर मला मात्र तो मुळात घरकोंबडाच वाटला.

घर बाहेरून अगदी साधे, विटांचे आणि दीड मजल्याचे आहे. आत पाऊल टाकले, की लाकडावरची कोरीव नक्षी पाहून थबकायला होते. हे काम विल्यम बकलंडच्या देखरेखीखाली झाले. मेसनच्या धाकट्या भावाने, थॉमसनने, १७५५ साली लंडनमध्ये या तरुण सुताराशी चार वर्षांचा करार करून त्याला इकडे धाडले. मुदत संपल्यावर मेसनने त्याच करारपत्राच्या पाठीवर त्याच्या कामाची तारीफ लिहून दिली.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ती मेसनच्या पत्नीच्या खोलीत. ॲन आइलबेक १७५० साली लग्न होऊन आली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढे तिला बारा मुले झाली आणि त्यांतली नऊ जगली. जॉन या मुलाने म्हातारपणी लिहून ठेवलेल्या आठवणींत आईच्या खोलीतल्या खणांच्या कपाटाचे वर्णन आहे : टोप्यांचा खण वेगळा, झग्यांचा वेगळा, जाकिटांचा वेगळा. त्याच खोलीत आईचा घोडेस्वारीचा हिरवा चाबूक असे. खोडी काढली की तो बाहेर निघायचा, म्हणून मुलांनी त्याचे नाव ‘हिरवा डॉक्टर’ ठेवले होते. आमच्याकडे हेच खाते लाटण्याकडे होते, त्यामुळे ही गोष्ट ऐकताना मला एकदम माहेरी गेल्यासारखे झाले.

मार्च १७७३ मध्ये ॲन गेली. अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांच्या बाळंतपणानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही आणि ती जुळीही वाचली नाहीत. नऊ लेकरांचे सगळे मेसनवर आले. बाप नसलेले घर त्याने स्वतः अनुभवले होते : १७३५ साली, तो नऊ वर्षांचा असताना, त्याचे वडील पोटोमॅकमध्ये होडी उलटून बुडाले होते. पत्नीच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच केलेल्या मृत्युपत्रात त्याने मुलांना असा सल्ला दिला, की सार्वजनिक कामांच्या कटकटीपेक्षा स्वतंत्र, खासगी आयुष्यातले सुख पत्करावे. तरीही १७७५ साली जॉर्ज वॉशिंग्टनची व्हर्जिनियाच्या क्रांतिकालीन प्रतिनिधिसभेतली रिकामी झालेली जागा त्याच्याच गळ्यात पडली. १७८० साली त्याने सेरा ब्रेंटशी दुसरा विवाह केला. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना तयार झाली, पण तिच्यात हक्कांची सनद नाही म्हणून सही न करता तो घरी परतला.

त्याच फिलाडेल्फियात त्याने असेही बजावले होते, की गुलामांचा प्रत्येक धनी जन्मजात जुलमी असतो. स्वतःच्या मृत्युपत्रात मात्र त्याने एकालाही मुक्त केले नाही. जमिनीबरोबर माणसेही मुलामुलींत वाटली. जॉनच्या आठवणींत सुतार, लोहार, चांभार, विणकर असे या घराण्याच्या मालकीचे सगळे कारागीर भेटतात, आणि झाडीच्या पट्ट्याने घरापासून झाकलेली ‘लॉग टाउन’ नावाची त्यांच्यातल्या काहींची वस्तीही. घरातली नक्षी पाहून ‘वा!’ म्हणणाऱ्या माझ्या तोंडाला इथे कुलूप लागले.

निघण्यापूर्वी आम्ही कुटुंबाच्या दफनभूमीकडे गेलो. ॲन गेल्यानंतर काही दिवस वडील एकटेच घरातून थडग्यापर्यंत येरझारा घालत असत, असे जॉनने लिहिले आहे. वाट फार लांबची नाही. आम्हीही ती न बोलताच चाललो.