दिवसाला एकच चढ : आईला घेऊन विजापूर, बदामी आणि हंपी

सत्तरीच्या आईला घेऊन फिरायला निघताना लोक नकाशावर किलोमीटर मोजत बसतात. विजापूर, बदामी आणि हंपी या वाटेवर पायऱ्या मोजाव्या लागतात. तीन तास गाडीत बसून आईचं फारसं काही बिघडत नाही. पण सकाळी गोल घुमटाचा जिना आणि दुसऱ्याच सकाळी बदामीची लेणी असं केलं, तर तिसरा दिवस गुडघ्यांना मलम चोळण्यात जातो. म्हणून आखणी करताना आधी प्रत्येक ठिकाणचा चढ लिहून काढायचा, दिवसाला एकच ठेवायचा आणि मोठ्या चढाच्या दुसऱ्या दिवशी सपाट जागा घ्यायची. बाकी सगळं त्यानंतर ठरतं.

हा पट्टा निवडण्याचं पहिलं कारण रेल्वे. मुंबईहून रात्री सुटणारी 11139 ही होस्पेट एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, विजापूर, बागलकोट, बदामी, गदग असं करत हंपीजवळच्या होस्पेटला पोचते. तिन्ही मुक्काम एकाच गाडीच्या वाटेवर आहेत. कोल्हापूर-मिरजकडच्यांना हरिप्रिया एक्स्प्रेस बेळगाव-हुबळीमार्गे थेट होस्पेटला नेते. त्यांनी हंपीपासून सुरुवात करून उलट यावं. तिकीट काढताना विजापूर शोधलं की सापडत नाही, तिथे ‘विजयपुरा’ लिहायचं. होस्पेटचंही आता ‘होसपेटे’ झालंय.

तिकिटाची एक मेख नीट समजून घ्या. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका आणि साठीपुढचे पुरुष यांच्यासाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. पण तो एकट्याने जाणाऱ्याला किंवा एका तिकिटावर अटीत बसणारे दोघेच असतील तरच मिळतो. आई आणि चाळिशीतला मुलगा एकाच तिकिटावर आले की कोटा गेला. हे माहीत नसल्याने आईला मधला बर्थ येतो आणि मग रात्री दहाला डब्यात अदलाबदलीच्या विनवण्या सुरू होतात. आई-बाबा दोघं असतील तर त्यांचं एक तिकीट या कोट्यातून काढा आणि तुमचं वेगळं. आई एकटीच असेल तर दोन पर्याय उरतात. तिचं तिकीट कोट्यातून काढलं तर बर्थ नक्की चांगला, पण तुमचा डबा वेगळा येऊ शकतो. एकत्र काढायचं तर बुकिंगच्या पानावर ‘किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा’ अशी खूण असते, ती करायची. रात्री उठावं लागणाऱ्या आईसाठी दुसरा पर्याय बरा. आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं, त्याच आठवड्यात काढून टाका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च संपता संपता बदामी आणि हंपीचे दगड तापायला लागतात, आणि देवळात चप्पल काढावीच लागते. थंडीतही दुपारी पाय भाजतात, म्हणून आईच्या पर्समध्ये जाड सुती मोज्यांचा एक जोड हवाच. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्याचा त्रास पुढे सांगतो. पौष महिन्यात बदामीजवळ बनशंकरीची मोठी जत्रा भरते. शाकंभरी पौर्णिमेच्या आसपास बदामीत खोली मिळणं मुश्कील. ज्यांचं कुलदैवतच बनशंकरी आहे, त्यांनी वाटल्यास तेव्हाच जावं, पण मग बाकी स्थळदर्शनाचा आग्रह सोडावा.

परतीची रात्र सोडून एकूण सात-आठ रात्री धरा: विजापूर एक किंवा दोन, बदामी तीन, हंपीसाठी होस्पेट किंवा कमलापूर दोन. उरलेली एक जातानाच्या रेल्वेत. सहलवाले हेच पाच रात्रींत बसवतात. त्यात सामानाची बांधाबांध रोज येते, आणि आई थकते ती त्यानेच.

हॉटेल ठरवताना फोटो बघून काही कळत नाही, फोन करा. खोली तळमजल्यावर आहे का? लिफ्ट असेल तर रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? (हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नेमक्या तिथेच पाच-सहा पायऱ्या निघतात.) कमोड आहे का, आणि तो खोलीतच आहे ना? गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी? रेल्वे सकाळी पोचते आणि खोली दुपारी बाराला मिळते, तेव्हा सकाळी खोली देणार का हेही आधीच ठरवून घ्या. काही लॉजवर 24 तासांचा हिशेब असतो, तो अशा वेळी सोयीचा पडतो. कर्नाटक पर्यटन महामंडळाची ‘मयूर’ नावाची हॉटेलं विजापूर, बदामी आणि कमलापूर या तिन्ही ठिकाणी आहेत. थाट नाही, पण जागा मोक्याच्या आहेत.

विजापुरात पोचल्या दिवशी फक्त इब्राहिम रोजा, तोही संध्याकाळी चारनंतर. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मध्ये हौद, बाजूला बाग. चौथऱ्याच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर चढ नाही. कोरीवकाम बघत आईला तासभर निवांत बसता येतं. टांग्याचा मोह टाळा, त्याचं पायदान उंच असतं आणि उतरताना गुडघ्यावर सगळा भार येतो. रिक्षा बरी.

गोल घुमट दुसऱ्या सकाळी, उघडल्या उघडल्या. मोहम्मद आदिलशहाची ही कबर, बांधकाम 1656 च्या सुमाराचं. चार कोपऱ्यांना सातमजली मनोरे आणि त्यातूनच वर कुजबुजणाऱ्या सज्जाकडे जाणारा जिना. जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि मधून मधून अंधार. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना घासून जातात. गुडघे चांगले असतील तर प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं थांबत जाता येतं. नसतील तर आईला खालच्या दालनात बसवा. एकही खांब नसलेलं ते प्रचंड दालन आणि डोक्यावर सुमारे 38 मीटर आतल्या व्यासाचा घुमट, बघण्यासारखं खरं तेच आहे. सज्जात जायचं ते प्रतिध्वनीसाठी, आणि सहलीची पोरं आली की तिथे किंकाळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही. म्हणून लवकर जायचं. समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे. पुरातत्त्व खात्याची अशी संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. बदामी, ऐहोळे आणि कमलापूरलाही तेच, तेव्हा शुक्रवार प्रवासाला द्या.

मलिक-ए-मैदान तोफ बुरुजावर आहे. 1549 साली अहमदनगरला ओतलेली आणि परांड्याच्या किल्ल्यावरून इथे आणलेली ही तोफ आपल्याकडच्या माणसाने बघायलाच हवी. पण ती त्याच दिवशीचा दुसरा चढ ठरते. आईने घुमटाचा जिना केला असेल तर तोफेला तिने खालूनच नमस्कार करावा.

विजापूर ते बदामी रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेही आहे, पण बदामीचं स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब आणि थांबा मोजक्या मिनिटांचा. दोन बॅगा आणि आई हे सगळं तेवढ्यात उतरवणं जिकिरीचं. इथे भाड्याची गाडी घ्या. विजापूर ते होस्पेट एकच गाडी ठेवली तर चालक आईच्या सवयी ओळखायला लागतो, कुठे थांबायचं हे सांगावं लागत नाही. विजापूरकडचे बरेच चालक मराठी समजतात. भाडं ठरवताना रोजचे किमान किती किलोमीटर धरणार (बहुधा 250 किंवा 300), चालकाचा भत्ता किती आणि रिकामी गाडी परत नेण्याचे पैसे कोणाकडे, हे तिन्ही लिहून घ्या. बदामीत गाडी दिवसभरात शंभर किलोमीटरही चालत नाही, तरी किमान भाडं पडतंच. ते खटकत असेल तर मधले दिवस गाडी सोडून स्थानिक रिक्षा करा.

बदामीची चार लेणी एका डोंगराच्या कडेला चढत्या क्रमाने आहेत. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज. तो प्रवेशाशीच, थोडक्या पायऱ्यांवर. तिसरं लेणं सगळ्यात मोठं, शके 500 म्हणजे इसवी सन 578 चा लेख असलेलं, आणि तिथपर्यंत बऱ्याच उंच उंच पायऱ्या. चौथं जैन लेणं त्याच्या पुढे. आईची ताकद तिसऱ्यासाठी राखून ठेवा. चढताना पहिलं पटकन बघून दुसऱ्यात बसायचं, तिसऱ्यात अर्धा तास काढायचा, नटराजाकडे उतरताना पुन्हा थांबायचं. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. उतरताना आईच्या एक पायरी खाली तुम्ही, तिचा हात तुमच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात रबरी टोपणाची काठी. टोपण झिजलेलं असेल तर घरूनच बदलून घ्या, गुळगुळीत दगडावर ते घसरतं.

माकडं. बदामीत ती हातातली पिशवी हिसकतात, प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज आला की खाली उतरतात. केळी, बिस्किटं, प्रसाद, सगळं गाडीत ठेवायचं. आईच्या हातात काठीशिवाय काही नको. माकडाला दचकून पाय चुकणं हा इथला खरा धोका आहे.

दुपारी झोप. संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथाच्या देवळापर्यंत रमतगमत जाता येतं. लेण्यांनंतर पायांना हेच झेपतं.

पुढचा दिवस पट्टदकलचा. सपाट हिरवळीवर देवळं ओळीने उभी, मधून फरसबंद वाट, पलीकडे मलप्रभा. कांचीच्या पल्लवांवरच्या विजयाची आठवण म्हणून चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा याच्या राणीने, लोकमहादेवीने बांधवलेलं विरूपाक्ष मंदिर इथलं. या अख्ख्या सहलीत आईसाठी सगळ्यात सोपी जागा हीच. सकाळी आधी बनशंकरीचं दर्शन, मग पट्टदकल, दुपारच्या आत परत. ऐहोळे तिथून जेमतेम चौदा किलोमीटर. दुर्ग मंदिराचं आवार सपाट आहे, बरं वाटत असेल तर जोडून घ्या. (नाव दुर्ग म्हणजे किल्ल्यावरून, देवीवरून नव्हे. आई ओटी घेऊन निघाली असेल तर आधीच सांगा.) ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती मंदिरात 634 सालचा रविकीर्तीचा लेख आहे. चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याने उत्तरेच्या हर्षाला हरवल्याचा आणि तीन महाराष्ट्रकांतल्या नव्याण्णव हजार गावांचा उल्लेख त्यातलाच. वर तुम्ही धावत जाऊन या, आई खाली सावलीत बसेल.

जेवणाची इथे चिंता नाही. खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, शेंगाचटणी, दही. सोलापूरकडच्या आईला घरीच बसल्यासारखं वाटतं. तिखट मात्र जास्त असतं. ‘खार कम्मी’ म्हणायचं. गरम पाणी हवं असेल तर ‘बिसी नीरु’.

एक गोष्ट आया स्वतःहून सांगत नाहीत. वाटेत बाथरूम मिळेल की नाही या धास्तीने त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी ती गुपचूप टाळतात. चौथ्या दिवशी चक्कर येते आणि दोष उन्हाला जातो. ती गोळी प्रवासाच्या दिवशी किती वाजता घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा, आणि चालकाला दर दीड तासाला मोठ्या पेट्रोल पंपावर थांबायला सांगून ठेवा. स्मारकांच्या तिकीटखिडकीजवळ स्वच्छतागृहं असतात, आत गेल्यावर लांबपर्यंत काही नाही. आत जाण्यापूर्वी जाऊन यायचं, लागली नसली तरी. औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत. पूर्ण सहलीची आणि वर चार दिवसांची, चिठ्ठीच्या फोटोसह, तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत.

बदामीहून होस्पेट दीडशे किलोमीटरच्या घरात. त्या दिवशी दुसरं काही नको. होस्पेटात हॉटेलं आणि दवाखाने जास्त, हंपी तिथून 13 किलोमीटर. कमलापूर जवळ पडतं पण संध्याकाळी सामसूम होतं.

हंपी दोन सकाळी वाटून घ्या. पहिल्या सकाळी हंपीचं विरूपाक्ष मंदिर. इथे पूजाअर्चा चालू आहे, आईला दर्शन मिळतं. शेजारच्या हेमकूट टेकडीचा चढ सौम्य, पण उघडा गुळगुळीत कातळ आहे, ओल असेल तर नको. मातंग टेकडी आणि पलीकडची अंजनाद्री (575 पायऱ्या) यादीतून काढून टाका.

दुसऱ्या सकाळी विजय विठ्ठल मंदिर. गाडी सुमारे एक किलोमीटर अलीकडे थांबते, पुढे बॅटरीवरच्या छोट्या गाड्या. त्या थोड्या आणि रांग उन्हात, म्हणून साडेआठच्या आत पोचा. आणि हे आईला घरूनच सांगून ठेवा: गाभारा रिकामा आहे. दगडी रथ आहे, सभामंडप आहे, विठोबा नाही. पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा सांगते. ही गोष्ट ठाऊक असलेली आई त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर वेगळ्याच भावनेने उभी राहते. ठाऊक नसलेली ‘एवढं आलो आणि देवच नाही’ म्हणून खट्टू होते.

विठ्ठल मंदिराचं तिकीट जपून ठेवा. त्याच दिवशी कमळ महाल आणि गजशाळेच्या आवारात आणि कमलापूरच्या संग्रहालयात तेच चालतं. हजारराम मंदिराच्या भिंतींवर अख्खं रामायण कोरलंय. ते आईने तुम्हाला समजावून सांगावं, तुम्ही तिला नव्हे. महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्याच्या पायऱ्या तुम्ही एकट्याने करा. या भागात सावली जवळजवळ नाही, अकराला परत फिरा.

परतीची गाडी होस्पेटहूनच सुटते, म्हणजे डबा रिकामा असतो आणि चढायला भरपूर वेळ मिळतो. त्या दिवशीच्या जेवणाला भाकऱ्या आणि शेंगाचटणी खानावळीतून बांधून घ्या, दही नको. सामान आधी सीटखाली लावून मग आईला चढवा.